‘साथ काय आम्ही आणली?’ : मालकांच्या प्रश्नाला बाबासाहेबांनी १९४३ सालीच दिलेलं उत्तर

२०२१ चा जून महिना. कोरोनाची दुसरी लाट राज्यात इतरत्र ओसरायला लागली होती, पण सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात रुग्ण कमी व्हायचं नाव घेत नव्हते. त्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या एका ताईंच्या कागदांची पिशवी घेऊन मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होतो. त्यांचा नवरा सफाईचं काम करायचा. कंत्राटी. लॉकडाऊनमध्ये आपण सगळे घरात बसलो होतो तेव्हा तो रोज पहाटे कचऱ्याच्या गाडीवर होता. एप्रिलमध्ये ताप आला, मे महिन्यात तो गेला. पिशवीत मृत्यूचा दाखला होता, पॉझिटिव्ह रिपोर्ट होता आणि कंत्राटदाराने दिलेलं, सही-शिक्का नसलेलं एक ओळखपत्र होतं.

कचेरीत सांगण्यात आलं, हजेरीपटावर नाव दिसत नाही. कंत्राटदाराकडे गेलो तर तो आवाज चढवून म्हणाला, “साथ काय आम्ही आणली का? सगळ्या जगात माणसं मेली. आमची काय चूक?”

मित्रांनो, त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण वरकरणी त्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं. साथ त्याने आणली नव्हती. पण मग त्या ताईंच्या नवऱ्याने आणली होती का? चूक कुणाचीच नसेल, तर नुकसान कुणी सोसायचं? हा प्रश्न नवा नाही. आपल्या इतिहासात तो वारंवार आला आहे आणि एकदा त्याचं कायदेशीर उत्तरही दिलं गेलं आहे. ते उत्तर आपल्यातल्याच अनेक कार्यकर्त्यांना माहीत नाही, म्हणून हा लेख.

गावगाड्याचा विमा

साथीच्या काळात धोक्याचं काम कुणी करायचं, हे गावगाड्याने जन्मावरून ठरवून ठेवलं होतं. मेलेलं जनावर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जायचं, सरणाची लाकडं वाहायची ही कामं महारांची. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचा, त्यातही पुढे आपलीच माणसं. बदल्यात काय? बलुतं, शिळे तुकडे आणि वतनाच्या नावावर जमिनीचा तुकडा. आजच्या भाषेत सांगायचं तर गावाच्या आरोग्याचा विमा होता, त्याचा हप्ता आपल्या पूर्वजांनी जिवाने भरला आणि संरक्षण मात्र बाकीच्या गावाला मिळालं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच मुळावर घाव घालण्यासाठी. ‘कामाचा मोबदला ठरलेला हवा, मर्जीवरचा नको’ हा त्या लढ्याचा गाभा होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

प्लेग, इन्फ्लुएंझा आणि आकडे

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. तोच कायदा २०२० मध्ये आपल्यावर लागू झाला. त्या कायद्यात सरकारला घरात शिरण्याचे, माणसं वेगळी काढण्याचे, गाड्या अडवून तपासण्याचे अधिकार मिळाले. काम करणाऱ्याच्या मजुरीबद्दल, त्याच्या मागे राहणाऱ्या बायकापोरांबद्दल त्यात काही नव्हतं. कायद्याला चार कलमं पुरली, कारण त्यात कष्टकऱ्याचा विचारच नव्हता.

९ फेब्रुवारी १८९७ ला कामगार चळवळीचे जनक नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेच गेले. महिनाभरात, १० मार्चला सावित्रीमाई गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची ही लेक पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना आजारी पडली. फुले दांपत्याच्या परंपरेत सेवा ही अशी जिवावर उदार होऊन केलेली होती. पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सावित्रीमाईंनी ते स्वतः निवडलं होतं. सफाई कामगाराला निवड नव्हती आणि आजही नसते. त्याच्या गळ्यात ‘कोरोना योद्धा’ म्हणून हार घालताना समाज हा फरक सोयीस्करपणे विसरतो.

त्या प्लेगात मुंबईच्या गिरण्यांतले मजूर जीव वाचवायला गावाकडे पळाले. आपल्या साताऱ्याचे आणि कोकणचे लोक त्या गिरण्यांत मोठ्या संख्येने होते. मजूर मिळेनासे झाले तेव्हा जे मालक एरवी महिन्याचा पगार अडवून ठेवायचे, ते रोजच्या रोज रोकडा मोजायला लागले. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी मालकांची चढाओढ लागली. याचा अर्थ पैसा होता. द्यायची वेळ यावी लागते, एवढंच.

मग १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं मेली. मुंबई शहराचे तेव्हाचे सरकारी आकडे वाचले तर पोटात गोळा येतो. दर हजारी मृत्यू युरोपियनांमध्ये ८.३, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९ आणि ज्यांना त्या नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं आहे त्यांच्यात ६१.६. विषाणू एकच, शहर एकच. युरोपियनापेक्षा आपला माणूस सातपटीहून जास्त मेला. विषाणूला जात कळत नाही हे खरं. पण कुणाला दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणांनी झोपायचं आहे आणि तापातही कुणाला कामावर जायचं आहे, हे जात ठरवते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. राहायला परळच्या चाळीत, म्हणजे हे मरण जिथे सर्वांत जास्त झालं त्या कामगार वस्तीत. आणि त्याआधीची आठवण तर आपल्या जिल्ह्यातली आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेला भिवा. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. दुष्काळाने हजारो माणसं मरत होती आणि सरकार त्यांना तलाव खोदायला लावून मजुरी देत होतं. वडिलांना भेटायला निघालेल्या मुलांना मसूर स्टेशनावर गाडीवान मिळाला नाही, हा प्रसंग आपण दरवर्षी सांगतो. पण तो प्रवास एका आपत्तीच्या कामाच्या ठिकाणी निघाला होता, हे आपण सांगत नाही.

‘कामामुळे आणि कामावर असताना’

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. कामावर अपघात झाला तर मालकाची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. हे मोठं पाऊल होतं. पण त्यात एक गाठ होती. इजा ‘कामामुळे आणि कामावर असताना’ झालेली हवी. यंत्रात हात गेला तर प्रश्न नाही. पण आकाशातून बॉम्ब पडला तर?

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. डिसेंबरात कलकत्त्यावर टाकले. कारखान्यांतून, बंदरांतून मजूर पळू लागले. मालकांचं म्हणणं होतं, युद्ध आम्ही सुरू केलेलं नाही. बॉम्ब काही आमच्या कारखान्याच्या कामामुळे पडत नाही, तो शेजारच्या घरावरही पडतो.

ओळखीचं वाटतंय ना? ‘साथ काय आम्ही आणली?’

तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जुलै १९४२ ते जून १९४६ हे खातं त्यांच्याकडे होतं. १९४३ साल म्हटलं की आपल्या साताऱ्या-सांगलीत प्रतिसरकार आठवतं, आणि आठवायलाच हवं. पण त्याच वर्षी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाबासाहेबांनी ‘युद्ध-इजा (नुकसानभरपाई विमा) विधेयक’ मांडलं आणि त्याचा कायदा झाला.

या कायद्याने काय केलं ते नीट समजून घ्या. एक, युद्धामुळे मजुराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली, जरी युद्धाशी मालकाचा काडीचा संबंध नसला तरी. सरकारची युद्ध-इजा मदतीची योजना होती, पण तेवढ्यावर भागवलं नाही. दोन, ही जबाबदारी पेलता यावी म्हणून प्रत्येक मालकाने सरकारकडे सक्तीने विमा उतरवायचा. हप्ता मजुरीच्या एकूण रकमेवर ठरणार आणि तो मालकाने भरायचा. तीन, या हप्त्यांतून एक निधी उभा राहणार आणि भरपाई त्यातून जाणार. कारखाने, खाणी, मोठी बंदरं, चहा-कॉफी-रबराचे मळे या सगळ्यांना हे लागू. विमा न उतरवणं हा गुन्हा.

यातला विचार साधा आणि जबरदस्त आहे. संकट कुणी आणलं हा प्रश्नच बाजूला ठेवला. प्रश्न असा विचारला की, संकट डोक्यावर असताना ते काम चालू राहिल्याने फायदा कुणाचा झाला? ज्याचा फायदा, त्याने जोखमीचा भार उचलायचा. आणि एका मालकाचं दिवाळं निघू नये म्हणून तो भार सगळ्या मालकांत वाटून घ्यायचा. मजुराला कुणाच्या दारात पदर पसरायला लावायचं नाही.

कुणी म्हणेल, यात ब्रिटिशांचा स्वार्थ होता, त्यांना युद्धाचं उत्पादन चालू ठेवायचं होतं. होता. पण स्वार्थ सरकारचा आणि मालकांचा १८९७ मध्येही होता, २०२० मध्येही होता. १९४३ मध्ये फरक पडला, कारण त्या खुर्चीत परळच्या चाळीत राहिलेला माणूस बसला होता.

विम्याची भिंत आणि साखरेचं भगदाड

बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, उभा राहिला. आज दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला तो लागू होतो. मालकाने पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी, घरच्यांना उपचार, कामावर मृत्यू आला तर आश्रितांना पेन्शन.

पण या कायद्यात एक भगदाड आहे आणि ते नेमकं आपल्या जिल्ह्यांवर येऊन पडतं. ‘हंगामी कारखाने’ यातून वगळले आहेत आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर आणि गूळ आहे. सातारा-सांगली म्हणजे साखरेचा मुलूख. ज्या उद्योगाने इथे बँका, शिक्षणसंस्था आणि आमदार-खासदार उभे केले, तो फक्त साखर काढत असेल तर या विम्याच्या बाहेर. आणि ऊसतोड मजूर तर त्याच्याही बाहेर. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल मुकादमाकडून घेतलेली, कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नाही. एप्रिल २०२० मध्ये राज्यभरात सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आसपास पालांत अडकून पडले होते. सगळा देश घरात बंद असताना त्यातल्या अनेकांचे कोयते फडात चालू होते, कारण ऊस थांबत नाही. १७ एप्रिलला त्यांना गावी जायची परवानगी मिळाली. परवानगी मिळाली, विमा नाही.

२०२० : आठ दिवसांत घेतलेली माघार

आता कोरोनाच्या पहिल्या दोन महिन्यांचा घटनाक्रम पाहा.

२९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृहमंत्रालयाने आदेश काढला की लॉकडाऊनमध्ये मालकांनी मजुरी न कापता द्यावी. १५ एप्रिलला कामाच्या ठिकाणांसाठी नियम निघाले. त्यात निर्जंतुकीकरण, तापमान तपासणी, कामगारांमध्ये अंतर यांच्याबरोबर एक ओळ होती की कामगारांचा वैद्यकीय विमा बंधनकारक. दुसऱ्याच दिवशी विमा नियामकाने कंपन्यांना मालकांसाठी पॉलिसी द्यायला सांगितलं.

मालकांनी लगेच ओरड सुरू केली. कामगार पॉझिटिव्ह निघाला तर आमच्यावर गुन्हा दाखल होईल, आम्हाला तुरुंगात टाकतील. २३ एप्रिलला गृहमंत्रालयाने खुलासा केला की तसं काही नाही, घाबरू नका. मालकांची भीती आठ दिवसांत सरकारपर्यंत पोहोचली आणि उत्तरही मिळालं. मजुरीचा आदेश १८ मेपासून उरला नाही. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगारांनी आपसात बोलून मिटवावं असं सांगितलं. हातावर पोट असलेला माणूस मालकाशी ‘आपसात’ काय बोलणार?

आणि वैद्यकीय विम्याच्या त्या ओळीचं काय झालं? १९४३ च्या कायद्यात कोण जबाबदार, हप्ता किती, निधी कुठला, न भरल्यास शिक्षा काय हे सगळं लिहिलेलं होतं. २०२० मध्ये एक ओळ होती. गुजरातने १७ एप्रिलला बारा तासांची पाळी आणली आणि वाढीव तासांचा दुप्पट मोबदला काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबरला तो आदेश रद्द केला हे बरं झालं. पण दिशा बघा. बाबासाहेबांनी संकटात मालकाची जबाबदारी वाढवली, यांनी संकटात मजुराचे तास वाढवले. त्याच सप्टेंबरात विरोधी बाकं रिकामी असताना श्रमसंहिता संमत झाल्या. त्यात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० वरून २० कामगारांवर गेली आणि कंत्राटी कामगारांचं संरक्षण २० वरून ५० वर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या आहेत. हंगामी कारखान्यांचं भगदाड त्यातही तसंच आहे.

मिळालं ते काय? राज्य शासनाने २९ मे २०२० ला कोविड कामावर मरण आलेल्यांसाठी ५० लाख जाहीर केले, त्यात कंत्राटी आणि रोजंदारीवालेही होते. पुढे प्रत्येक कोविड मृत्यूसाठी ५० हजार आले. दोन्हीच्या पुढे एकच शब्द होता, ‘सानुग्रह’. अनुग्रह म्हणजे कृपा. कृपेला कागद लागतात आणि कागद त्याच्याकडे असतात ज्याचं नाव हजेरीपटावर असतं. बलुत्याचीच ही नवी आवृत्ती नाही का? कामाचा मोबदला ठरलेला हवा, मर्जीवरचा नको. १९२८ चं वाक्य आठवा.

लहान मालकाचंही ऐकू या

कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतला बारा-पंधरा कामगारांचा छोटा कारखानदार खरंच अडचणीत होता. ऑर्डरी बंद, बँकेचे हप्ते चालू. त्यातले काही आपल्याच समाजातले आहेत, कर्ज काढून उभे राहिलेले. त्यांना मी एवढंच सांगेन, विमा तुमच्या विरोधात नाही. ईएसआयच्या कायद्यात स्पष्ट आहे की विमा काढलेल्या कामगाराला कामामुळे इजा झाली तर तो नुकसानभरपाईसाठी पुन्हा मालकाच्या मागे लागू शकत नाही. ती जबाबदारी महामंडळाची. चौदा कामगारांतले नऊच कागदावर दाखवणारा कारखानदार वाचवतो ३.२५ टक्के आणि डोक्यावर घेतो लाखोंची भरपाई. कोरोनाच्या वेळी ज्या कामगारांचा ईएसआय भरलेला होता आणि अटी पूर्ण होत्या, त्यांच्या आश्रितांना सरासरी मजुरीच्या ९० टक्के दरमहा देणारी योजना आली. ज्यांची नावं लपवली होती त्यांच्या बायका आजही पिशव्या घेऊन फिरत आहेत.

आणि ‘फिरत्या कामगाराचा विमा कसा काढणार, मालक रोज बदलतो’ असं म्हणणाऱ्यांनी सांगलीच्या मार्केट यार्डात जाऊन हळदीची पोती उचलणारा हमाल बघावा. १९६९ च्या माथाडी कायद्याने व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही घेतली जाते आणि मंडळामार्फत हमालाला भविष्य निर्वाह निधी आणि इतर लाभ मिळतात. मालक रोज बदलतो, मंडळ बदलत नाही. हमालाला जमतं ते ऊसतोडीला आणि सफाईला का जमू नये?

आता काय करायचं

पहिलं, आपल्या वस्तीतल्या कोविड मृत्यूंची नोंद काढा. नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात’ झालेले संसर्गजन्य आजार हे व्यावसायिक आजार मानले आहेत. त्यात रुग्णालयातलं काम आहे, तसंच ‘असा धोका असलेलं इतर काम’ही आहे. म्हणजे तो आजार कामातून आला नाही हे मालकाने सिद्ध करायचं. दाव्याची मुदत दोन वर्षांची असली तरी सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. कंत्राटदार हात वर करत असेल तर मुख्य मालकावरही दावा करता येतो. हजेरीपट नसेल तर ओळखपत्र, बँकेतली जमा, सोबतच्या कामगारांच्या साक्षी, कामावरचे मोबाईलमधले फोटो, सगळं जमा करा.

दुसरं, नगरपालिका, महापालिका आणि कारखान्यांच्या सभांमध्ये एकच मागणी लावून धरा, कंत्राटावर सही होण्याआधी प्रत्येक कामगाराचा विमा क्रमांक दाखवा. तिसरं, साखर उद्योगाला ‘हंगामी’ म्हणून दिलेली सूट रद्द करण्याची मागणी आपल्या आमदार-खासदारांसमोर न्या. त्यातले किती जण स्वतः कारखान्याचे संचालक आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे.

१९३८ साली मनमाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांना दोन शत्रू दाखवले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. साथ आली की हे दोघे एका टेबलावर बसतात. एक सांगतो हे काम तुमच्याच जातीचं, दुसरा सांगतो या मरणाला मी जबाबदार नाही.

त्या ताईंची पिशवी अजून माझ्या कपाटात आहे. प्रकरण संपलेलं नाही. पुढच्या खेपेला तो कंत्राटदार ‘साथ काय आम्ही आणली?’ म्हणाला तर मी गप्प बसणार नाही. मी त्याला विचारेन, साथ तू आणली नाहीस. पण त्या साथीत गाडी कुणासाठी चालू होती आणि बिलं कुणी उचलली?

जयभीम!